शमुवेल आप्पांची खूणवही

शमुवेल आप्पांच्या हातात पाण्याचा पेला दिला की ते आधी तो डोक्याच्या वर धरतात आणि खालून त्याचं बूड बघतात. पेला भरलेला असतो. निम्मं पाणी सदऱ्यावर येतं, त्याचं त्यांना काही नाही. बूड बघून झालं की "खूण पटली" म्हणतात आणि उरलेलं निम्मं पितात. पटली नाही तर पीतच नाहीत. पेला खाली ठेवतात आणि घरच्या बाईला शांतपणे विचारतात, "हा पाबळचा पेला तुमच्याकडं कवापास्नं हाय?"

बाई कावरीबावरी होते. मग तिला आठवतं की मागं पुतण्याच्या जावळाला चार घरची भांडी आणली होती, त्यातला एखादा राहिला असेल. आप्पा तोवर पेला आपल्या पिशवीत टाकून उठलेले असतात. आठवड्याच्या आत पेला पाबळला पोचतो. पाबळची बाई म्हणते, अहो, आम्हाला तर हा गेलेला ठाऊकच नव्हता. आप्पा म्हणतात, "मला ठावं हुता."

आप्पा शिरूरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाट टाकून बसतात आणि भांड्यांवर नावं घालतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, डोक्याला पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा आणि त्याची एक काडी दोऱ्याची. हल्ली नावं घालायला विजेचं पेन आलं आहे, घर्र करून दोन मिनिटांत काम उरकतं. आप्पा अजून बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका जोडतात. विजेच्या पेनाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे. "त्यो खाजवतो, लिवत न्हाई."

भांड्यांवर नावं तुमच्याही घरी असतील. 'मामांकडून सप्रेम भेट' हे वाचत वाचतच आपण सगळे लहानाचे मोठे झालो. पण आप्पांच्या वडिलांनी, मिशनच्या जुन्या वर्कशॉपात हत्यार धरायला शिकलेल्या बाबांनी, एक निराळी सोय काढली होती. ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही तिथं नाव घालून काय उपयोग? लग्नकार्याला पन्नास घरची पातेली एकत्र आली की ज्याचं त्याला परत कसं जायचं? म्हणून बाबांनी प्रत्येक घराला एक चित्र दिलं. कुणाला ससा, कुणाला चिंचेचा आकडा, कुणाला गाडीचं चाक. इकडे कोरेगाव भीमापासून तिकडे भांडगावापर्यंत, शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांत, एक चित्र एकाच घराला, दुसऱ्याला नाही. बाबांच्या पश्चात हा कारभार आप्पांकडे आला आणि त्याबरोबर लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही आली. तिला ते खूणवही म्हणतात.

वहीच्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला नियम लिहिले आहेत आणि ते कोर्टाच्या नियमांपेक्षा कडक आहेत, हे मी वकील असून सांगतो. लेक सासरी गेली की तिला माहेरचीच खूण, पण तोंड उलट्या बाजूला. भावाभावांची वाटणी झाली की जुनी खूण बंद, ती फोडून दोघांना वेगळी करून द्यायची. आणि बंद खुणेचं बारा वर्षांत एकही भांडं आलं नाही तर ती मोकळी, मग मागेल त्याला मिळेल. या नियमांना अपवाद नाही. सरपंच वाघ मागायला आला तरी नाही आणि पाद्री आले तरी नाही.

पाबळला एका घरी बी.एससी. झालेली सून आली. सासरच्या प्रत्येक भांड्यावर खेकडा. बिचारीच्या मैत्रिणी आल्या की ती वाट्या पालथ्याच होऊ द्यायची नाही. शेवटी धीर करून ती आप्पांकडे आली, म्हणाली, खेकडा बदलून गुलाब द्या. आप्पांनी वही उघडली, चष्मा कपाळावर नेला, बराच वेळ पानं उलटली. "गुलाब संपला," म्हणाले. "दोन्ही तालुक्यांत न्हाई. भेंडी शिल्लक हाय." सून खेकड्यावरच घरी गेली.

आमच्या घराची खूण वांगं. मी वकील झालो, काळा कोट घालून शिरूरच्या कोर्टात उभा राहू लागलो, तेव्हा मला वाटलं की आता वांगं बरं दिसत नाही. आईकरवी निरोप पाठवला की वकिलाच्या घराला तराजू शोभेल. उलट निरोप आला, "तराजू किराणावाल्याला जाऊन वीस वर्सं झाली. वांग्याला काय झालं?" सगळा बाजार मला वकीलसाहेब म्हणतो, आप्पा मात्र वांगेवाले म्हणतात. एकदा भर कोर्टाच्या आवारात माझ्या पक्षकारासमोर त्यांनी अशी हाक मारली आणि त्या पक्षकाराने नंतर मला विचारलं की साहेब, भाजीचा पण व्यवसाय आहे का.

तर अशा माणसासमोर गेल्या वर्षी एक परदेशी कंपनी येऊन बसली, त्याची ही हकिगत आहे.

मला पुण्याच्या एका वकील-कचेरीतून फोन आला. युरोपातली एक कंपनी डबे, बाटल्या, पेले अशी भांडी घेऊन आपल्याकडे येत होती. तिचं चिन्ह होतं एका फांदीवर समोरासमोर बसलेले दोन पक्षी. तिकडे कितीही नाव असलं तरी इथं माल विकायचा तर चिन्ह इथं नव्याने नोंदवावं लागतं. आणि नोंदवण्याआधी बघावं लागतं की हेच चिन्ह इथं कुणी आधीपासून व्यापारात वापरत नाही ना, कारण तसा कुणी निघाला तर त्याचा हक्क आधीचा. म्हणून त्यांनी गावोगावच्या बाजारांत माणूस फिरवला. त्या माणसाला कोरेगाव भीमाला एका मोडवाल्याच्या ढिगात पितळी तांब्या सापडला. त्याच्या बुडाला फांदी आणि फांदीवर दोन पक्षी.

पुण्याच्या कचेरीची झोप उडाली. हा ब्रँड कुणाचा, किती वर्षांपासून बाजारात आहे, कारखाना कुठे आहे, असे प्रश्न आणि तांब्याचा फोटो त्यांनी माझ्याकडे पाठवला. मी फोटो मोठा करून पाहिला. ठिपक्याला ठिपका जोडलेला. मला खुर्चीत बसल्या बसल्या हसू फुटलं. मी उलट कळवलं की मालक मला माहीत आहेत, कारखाना एक गोणपाट आहे.

देवयानी म्हणून त्या कचेरीतली एक हुशार, तरुण वकील तांब्या घेऊन स्वतः शिरूरला आली. सोबत टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. आप्पांनी तीन गोष्टींवर सही करायची होती. हे चिन्ह व्यापारी नाही. त्यावर आपला व्यापारी दावा नाही. आणि ते सध्या वापरात नाही. मी आप्पांना माझ्या ऑफिसात बोलावून घेतलं. त्यांना एवढंच कळलं होतं की कुणाला तरी नवी खूण हवी आहे, म्हणून ते वही घेऊन आले आणि बसता बसताच त्यांनी देवयानीला पहिलं पान अभिमानाने वाचून दाखवलं.

"पाव्हणं कुठलं?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कोण पाहुणे?"

"ज्यांना खूण पायजे ते."

"युरोपातले आहेत, आप्पा."

आप्पांनी वहीत लिहिलं. "घरात मानसं किती?"

देवयानीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "काही हजार असतील," ती म्हणाली.

"मोठं खटलं हाय," आप्पा म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. "चूल एक का येगळी?"

"कंपनीला चूल नसते हो, आप्पा."

"जेवत्यात का न्हाई?"

देवयानीने सरळ उत्तर दिलं, आणि तिथंच ती मला आवडली. "मूळ कंपनी तिकडे आहे. इथली कंपनी वेगळी काढली आहे, पण मालकी त्यांचीच."

"म्हंजी चूल येगळी, कणगी एकच."

"तसं म्हणता येईल."

"मंग हितल्या घराला खूण वापराया थोरल्या घराची परवानगी लागंल. तोंडी न्हाई चालनार, लिवून."

देवयानीचं पेन थांबलं. "तसा लेखी करार आहे," ती म्हणाली. पुढे तिने मला सांगितलं की हाच मुद्दा समजावायला तिच्या साहेबांना मीटिंगमध्ये अर्धा तास लागतो आणि तरी निम्म्यांना समजत नाही.

"आता खूण दावा," आप्पा म्हणाले.

तिने पिशवीतून तांब्या काढून टेबलावर ठेवला. आप्पांनी सवयीने तो उचलला, डोक्याच्या वर धरला. मी "खूण पटली" ऐकायला तयार होतो, पण ते काही बोलले नाहीत. तांब्या खाली घेऊन त्यांनी अंगठा बुडावरून फिरवला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"ही बाबांच्या हातची," ते म्हणाले. "कुठं घावला?"

देवयानीने सांगितलं. आप्पांनी खूणवहीचं अगदी पहिलं, नियमांनंतरचं पान उघडलं. तिथं त्याच फांदीवर त्याच दोन साळुंक्या होत्या, खाली 'घर आमचं' असं लिहिलं होतं आणि त्यावर लाल शाईने आडवं: वाटणी, बंद. शेजारी साल होतं. मी मनात हिशेब केला, बावीस वर्षं होऊन गेली होती.

देवयानीनेही केला असणार. ती हळूच म्हणाली, "आप्पा, तुमच्याच नियमाने ही खूण मोकळी झालीय."

"व्हय."

"मग सहीला हरकत नाही ना?"

आप्पांनी प्रतिज्ञापत्र पुढे ओढलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला घेतलं. पहिल्या वाक्यावर मान डोलावली. दुसऱ्यावर डोलावली. तिसऱ्या वाक्यावर बोट थांबलं.

"हे 'वापरात नाही' काडा."

"पण वहीत तर बंद लिहिलंय."

"वहीत बंद हाय."

"म्हणजेच वापरात नाही."

"तसं मी म्हननार न्हाई," आप्पा म्हणाले.

देवयानीने त्यांना प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. सही मिळाली तर कागद स्वच्छ राहतील. नाही मिळाली तरी कंपनी थांबणार नाही, थोडा वेळ जास्त जाईल, कारण घरगुती खुणेला कायदा व्यापारचिन्ह मानत नाही. आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी वरीसभरात ही खूण हरेक दुकानात टांगलेली आसंल. आन् कुनी तांब्या पालथा केला तर म्हनंल, ही त्या पाव्हण्यांची."

"हो," ती म्हणाली.

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. आप्पांनी तो उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. बूड बघितलं नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आठ दिवसांत कळवतो असं देवयानीला सांगून मी त्या दिवसाचा विषय मिटवला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. ज्या माणसाने सरपंचाला वाघ दिला नाही, बी.एससी.ला गुलाब दिला नाही, तो स्वतःच्या घरच्या एका बंद खुणेपाशी का अडतो? वही बंद म्हणते, नियम मोकळी म्हणतो, आणि मालक म्हणतो की तसं मी म्हणणार नाही. वकिलीत खोटं बोलणारे पुष्कळ भेटतात. खरं लिहून ठेवून तेच बोलायला नकार देणारा मला नवा होता.

घरी येऊन आईला विचारलं. ती तेव्हा वांगी चिरत होती, हे मी मुद्दाम रचलेलं नाही, आमच्याकडे आठवड्यातून तीनदा वांगी असतात.

"दोन साळुंक्या म्हंजी ते दोघं भाऊच की," आई म्हणाली. "शमुवेल आन् धाकटा दानिएल. बाबांनी दोघं झाल्यावर खूण काडली हुती. डावीकडची थोरली, उजवीकडची धाकटी."

दानिएल रेल्वेत लागला आणि दौंडला राहायला गेला, हे मला माहीत होतं. तो शिरूरला कधी येत नाही, हेही माहीत होतं. का येत नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

"बाबा गेल्यावर वाटणी झाली," आई सांगू लागली. "भांडान न्हवतं रे. एकमेकाला घे, तूच घे, असं चाललेलं. पर शमुवेलचा नियम. वाटणी झाली म्हंजी खूण फोडायची. दानिएल म्हनला, राहू दे दादा, कोण बघतंय. तर हा म्हनतो, लोकांच्या फोडल्या, आपली कशी ठिवू? आन् बसला कानस घिऊन आंगनात. आपल्या वाटच्या भांड्यांवरची उजवी साळुंकी घासली. दानिएलच्या वाटच्यांवरची डावी घासली. दानिएल उभा राहून बघत हुता. शेवटचं भांडं झालं तवा म्हनला, 'माझ्यादेखत मला घासून टाकलंस, दादा.' पोतं उचाललं आन् स्टँडवर गेला. मंग नाताळ न्हाई का लगीन न्हाई."

"आणि आप्पा गेले नाहीत?"

"कोनत्या तोंडानं जायाचं? बरं, चुकलं म्हनावं तर नियम त्याचाच." आईने वांगी पाण्यात टाकली. "त्यो तांब्या वाटणीच्या आधी कुनाकडं तरी ऱ्हायला आसंल, म्हनून वाचला बघ कानशीतनं."

वाटणीचे दावे हाच माझा रोजचा धंदा आहे. बांधावरून डोकी फोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. इतक्या न्यायाने झालेली वाटणी मी पाहिली नव्हती, आणि ती जास्त वाईट वाटली.

त्याच आठवड्यात दौंडच्या कोर्टात माझं एक काम होतं. ते आटोपून मी दानिएल काकांचं घर शोधत गेलो. खूण दोघांच्या घरची, तेव्हा प्रतिज्ञापत्रावर त्यांचंही म्हणणं घ्यावं, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. खरं कारण चौकसपणा. रेल्वेलाइनच्या जवळ दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, दारात तुळशीच्या उंचीची मिरचीची रोपं. दानिएल काका आप्पांसारखेच दिसतात, फक्त टोपी नाही आणि चष्म्याला दोन्ही काड्या आहेत. मी शिरूरचा म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पण पुढे काही विचारलं नाही.

त्यांच्या पत्नी, मार्था काकू, पाणी घेऊन आल्या. मी पेला घेतला आणि काय झालं कळलं नाही, तो डोक्याच्या वर धरून खालून पाहिला. निम्मं पाणी माझ्या कोटावर आलं. मार्था काकूंनी तोंडाला पदर लावला. दानिएल काका मात्र हसले नाहीत.

पेल्याच्या बुडाला फांदी होती. फांदीच्या उजव्या टोकाला ठिपक्याठिपक्यांची सुबक साळुंकी. डाव्या टोकाला कानशीने घासून गुळगुळीत केलेली जागा, आणि त्या जागेत खिळ्याने ओरखडून ओरखडून काढलेला एक पक्षी. पाय तीन वाटत होते. चोच उघडी होती की मोडली होती, ते कळत नव्हतं.

"सगळ्यांवर हाय," मार्था काकू म्हणाल्या आणि माझ्यापुढे ताट, वाटी, पातेलं आणून पालथं घातलं. "पयल्या वर्सापास्नं काडत्यात. दर नाताळाला एक-दोन. आता नजर कमी झाली तर जास्तच वाकडी याया लागली."

"ए, ठेव ते आत," दानिएल काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दादाला सांगू नका. नियम मोडला म्हणून परत कानस घेऊन यायचा."

मी त्यांना कंपनीची सगळी हकिगत सांगितली. तांब्या सापडला, प्रतिज्ञापत्र आलं, आप्पा तिसऱ्या वाक्यावर अडले. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

"'वापरात नाही' यावर सही केली त्यानं?"

"नाही. तेवढ्यासाठीच तर अडलंय. वहीत स्वतः बंद लिहिलंय, पण तोंडाने म्हणायला तयार नाहीत."

दानिएल काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "थांबा, पाणी सांडलं तुमचं. दुसरं आणतो." आत गेले ते लवकर आलेच नाहीत. शेवटी पाणी मार्था काकूंनीच आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाटासमोर जाऊन बसलो. सांगू नका असं ते म्हणाले होते, पण सांगणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. वकिलाला एवढी फट पुरते. आप्पा एका डब्यावर काहीतरी ठोकत होते.

"दौंडला गेलो होतो," मी म्हणालो. हातोडी चालूच राहिली. "दानिएल काकांकडे. त्यांच्या भांड्यांवर दोन साळुंक्या आहेत."

हातोडी थांबली. "एक. दुसरी मी सोताच्या हातानं घासली."

"घासलेल्या जागेवर त्यांनी परत काढलीय. खिळ्याने. सगळ्या भांड्यांवर."

आप्पांचा चेहरा आधी लाल झाला. "बिगर परवानगीची खूण," ते म्हणाले. "खिळ्यानं? खिळ्यानं कुठं काम व्हतं का? आन् त्यो डावरा." मग हातातली छिन्नी त्यांनी हळूच खाली ठेवली. कुठल्या बाजूची साळुंकी घासली होती, ते आता त्यांच्या लक्षात आलं असावं. "डावी काडली म्हनता?"

"डावी."

"म्हंजी त्यानं मला काडलंय."

"हो."

"कसा काडलाय?"

"कोंबडीसारखे दिसता," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्म्याची दोऱ्याची काडी सोडून परत बांधू लागले आणि ती काही केल्या बांधता येईना. ज्या हातांनी आयुष्यभर केसाएवढ्या रेषेवर ठिपके मारले, त्यांना साधी गाठ जमत नव्हती. मी ती बांधून दिली.

"तोंड कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "कोंबडीचं."

"दुसऱ्या साळुंकीकडे."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "कागद आना तुमचा. मी सांगतो तसं लिवा."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'दोन साळुंक्यांची खूण आमच्या घराची आहे. ती आम्ही कधी व्यापारासाठी वापरली नाही, पुढेही वापरणार नाही. ती माझी आणि माझा धाकटा भाऊ दानिएल याची आहे. ती आजही वापरात आहे.' शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि मग सही केली.

मला धाकधूक होती की देवयानी हा कागद परत पाठवील. तिने तो वाचला आणि फोन केला. "अहो, आम्हाला हेच तर हवं होतं. व्यापारासाठी नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. घरात वापरा म्हणावं शंभर वर्षं." कंपनीला तिच्या वाटेवर काटा नको होता, तो निघाला. आप्पांनी पाहुण्यांसाठी एक निरोपही ठेवला होता, तो मी तिला वाचून दाखवला. भांड्याचं पोट तुमचं, बूड आमचं. तिने तो साहेबांना कळवला की नाही, मला माहीत नाही. मोबदला म्हणून आप्पांनी तांब्या तेवढा परत मागितला होता. फोटो आहेत, तेवढे पुरे, असं म्हणून देवयानीने तो पुढच्याच फेरीला आणून दिला.

त्या दिवशी आप्पांनी गोणपाट दुपारीच गुंडाळलं. पिशवीत तांब्या, आपला रोजचा पाणी प्यायचा पेला आणि छिन्नी-हातोडी घातली आणि दौंडच्या एसटीत बसले. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. खिडकीतून म्हणाले, "त्याच्या कोंबड्या नीट करून यितो. लाज आनली त्यानं धंद्याला."

तीन दिवस बाजारात त्यांची जागा रिकामी होती. चौथ्या दिवशी कोर्टात जाता जाता पाहिलं तर गोणपाट पसरलेलं. मी शेजारी बसलो. आप्पांनी मडक्यातलं पाणी त्यांच्या पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. मी आधी सगळं पिऊन घेतलं, दौंडने मला तेवढं शिकवलं होतं, आणि मग पेला पालथा केला.

डावीकडे बाबांच्या हातची साळुंकी होती. उजवीकडे, बावीस वर्षं गुळगुळीत राहिलेल्या जागेवर, ताजे चमकणारे ओरखडे. तीन पाय, मोडकी चोच.

"हे काय आप्पा, ही दुसरी कोंबडी?"

"दानूनं काडली. तासभर बसला हुता, जीभ बाहीर काडून. ल्हानपनी पाटीवर असाच बसायचा."

"आणि त्यांच्या भांड्यांवरच्या? त्या नीट करणार होता ना?"

"हत्यार पिशवीतनं काडलंच न्हाई," आप्पा म्हणाले. "खूण पटल्यावर कशाला हात लावायचा?"

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि डोक्याच्या वर धरला. या खेपेला तो रिकामाच होता, सदऱ्यावर काही सांडलं नाही. तरी बराच वेळ ते तो तसाच वर धरून बसले होते.